ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टांची मर्यादित आवृत्तीतील छापचित्रे : नागपुरात बसून खरेदी करावी काय?

बजाजनगरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भिंतीवर स्टेन्सिल धरून रंग फवारणाऱ्या ब्रिटिश चित्रकारांच्या कामाची मला बऱ्याच वर्षांपासून ओढ आहे. बँक्सी, निक वॉकर, बेन आइन, डी-फेस ही नावे येथील अनेकांना परिचित असतीलच. आजवर हे सारे संगणकाच्या पडद्यावरच पाहिले. आता त्यांच्यापैकी कोणाचे तरी मर्यादित आवृत्तीतील एखादे छापचित्र, किंवा जमल्यास स्टेन्सिलचे लहानसे काम, घरी असावे असे वाटू लागले आहे. पाठवणी, कर आणि फ्रेम धरून एक लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

परदेशातील एका ऑनलाइन विक्रेत्याने मला बँक्सीच्या ‘गर्ल विथ बलून’चे स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) ऐंशी हजारांत देऊ केले आहे. त्यावर चित्रकाराची सही नाही, पण पेन्सिलीने क्रमांक घातलेला आहे, आणि सोबत एका गॅलरीचे शिक्का मारलेले प्रमाणपत्र मिळेल असे तो म्हणतो. त्याच्याकडेच प्लायवूडवर केलेले एक स्टेन्सिलचे कामही आहे, जे लंडनमधील एका बांधकामाच्या कुंपणावरून काढलेले आहे असे सांगितले जाते. या दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवावा? शिवाय आपल्याकडचा उन्हाळा, घरातला कूलर आणि पश्चिमेची भिंत यांचा विचार करता असा कागद टिकेल काय, आणि कस्टमचे काय करावे लागते, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना संग्राहक

बजाजनगरकर साहेब, हे दोन्ही व्यवहार सोडून द्यावेत, असे आधीच सांगून टाकतो.

‘गर्ल विथ बलून’ची छापील आवृत्ती २००४-०५ च्या सुमारास ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’ या प्रकाशनाने काढली. तिच्यात सही नसलेल्या ६०० आणि सही असलेल्या १५० प्रती होत्या. त्या काळी या प्रती सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात होत्या, हे खरे. पण २०१८ च्या ऑक्टोबरात लंडनला सोथबीजच्या लिलावात हातोडा पडताच याच चित्राची कॅनव्हासवरील प्रत फ्रेममध्ये लपवलेल्या यंत्राने अर्धी कातरली गेली, आणि तीच कातरलेली कलाकृती २०२१ मध्ये सुमारे १.८६ कोटी पौंडांना पुन्हा विकली गेली, तेव्हापासून हे चित्र न ओळखणारा माणूस विरळा. आज अस्सल, सही नसलेली प्रतदेखील दहा-दहा हजार पौंडांच्या पटीत जाते. ती कोणी ऐंशी हजार रुपयांत देत असेल, तर तो एक तर संत असावा किंवा ती प्रत अस्सल नसावी. विक्रेत्याला एक साधी गोष्ट विचारा : क्रमांकाच्या छेदस्थानी, म्हणजे तिरक्या रेघेनंतर एकूण प्रतींच्या जागी, कोणता आकडा आहे? सही नसलेल्या प्रतीवर तो ६०० असला पाहिजे. अर्थात ६०० लिहिलेले असले म्हणून ती खरी ठरत नाही, कारण पेन्सिल कोणाच्याही हातात असते.

आता प्रमाणपत्राविषयी, कारण नवखा माणूस येथेच फसतो. बँक्सीच्या बाबतीत कोणत्याही गॅलरीचे, कितीही शिक्के मारलेले प्रमाणपत्र बाजारात ग्राह्य धरले जात नाही. त्याने स्वतःच २००८ मध्ये ‘पेस्ट कंट्रोल’ नावाची संस्था उभी केली, आणि तिचा कागद असेल तरच मोठी लिलावगृहे ती प्रत हाती घेतात. हा कागद पाहण्यासारखा असतो. त्याला दहा पौंडांच्या नोटेचा अर्धा फाडलेला तुकडा स्टेपल केलेला असतो. मात्र ती नोट खरी नव्हे, तर २००४ मध्ये बँक्सीने स्वतः छापलेली, ज्यात राणीच्या जागी डायनाचा चेहरा आणि ‘बँक ऑफ इंग्लंड’च्या जागी ‘बँक्सी ऑफ इंग्लंड’ अशी अक्षरे आहेत. नोटेवर हाताने क्रमांक लिहून ती मधोमध फाडतात. एक तुकडा मालकाला जातो, दुसरा संस्थेकडे राहतो, आणि शंका आल्यास दोन्ही फाटलेल्या कडा व अर्धे अर्धे आकडे जुळतात की नाही हे पाहता येते. कागदावरच्या सहीपेक्षा फाटलेल्या कडेची नक्कल करणे अवघड, हे त्यामागचे तर्कशास्त्र मला आजही अतिशय चतुर वाटते.

प्लायवूडच्या तुकड्याविषयी तर बोलायलाच नको. रस्त्यावरून काढलेल्या कोणत्याही कामाला ‘पेस्ट कंट्रोल’ प्रमाणपत्र देत नाही, मग ते चित्र खरोखर त्याच्याच हातचे असले तरीही. २०१२ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन भागातील एका दुकानाच्या भिंतीवर त्याने शिलाई मशीनवर बसलेल्या मुलाचे ‘स्लेव्ह लेबर’ हे चित्र काढले होते. पुढच्याच वर्षी ते भिंतीसकट कापून मायामीच्या लिलावात पोहोचले, आणि तेथील रहिवाशांनी गदारोळ केल्यावर ते लिलावातून मागे घ्यावे लागले. जे काम सार्वजनिक भिंतीवरून उचललेले आहे, त्याची मालकी, त्याचा इतिहास आणि त्यामागची नीती ही तिन्ही लंगडी असतात. तुमच्यासारख्या सज्जन माणसाने त्या भानगडीत पडू नये.

स्क्रीनवाला, इतवारी

माझा धंदा लग्नपत्रिका आणि कॅरी बॅगांच्या स्क्रीन प्रिंटिंगचा आहे. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही, परंतु छपाई कशी ओळखावी याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ‘स्क्रीनप्रिंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी स्क्रीनप्रिंट नसतात.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे; सराफांकडे असते तेच चालते. ऑफसेटवर छापलेले पोस्टर असेल तर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे बारीक ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले दिसतात. ज्याला हल्ली ‘गिक्ले’ असे भारदस्त नाव दिले जाते ती मुळात चांगल्या प्रतीची इंकजेट छपाई होय, आणि तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण कोणत्याही ठरावीक रचनेशिवाय विखुरलेले असतात. स्क्रीनमध्ये मात्र रंग सलग बसतो. लाल फुगा असेल तर तो भिंगाखालीही निव्वळ लालच दिसतो, त्यात पिवळा आणि किरमिजी वेगळे सापडत नाहीत. कागद तिरपा करून उजेडासमोर धरला की शाईचा थर किंचित उंच दिसतो, दोन रंग जेथे एकमेकांवर चढतात तेथे पायरी जाणवते, आणि तिरक्या रेषांच्या कडेला जाळीचे अगदी बारीक दाते उमटलेले असतात. मेश जितका जाड, तितके ते दाते स्पष्ट. छायाचित्रावरून केलेल्या स्क्रीनप्रिंटमध्येही ठिपके असू शकतात, पण ते एकाच शाईचे असतात, चार शायांची सरमिसळ नसते.

एवढे सांगूनही एक इशारा देणे भाग आहे. ही तपासणी केवळ स्वस्त नक्कल बाद करण्यासाठी आहे. मूळ चित्राची चांगली फाइल कोणी आणून दिली, तर स्क्रीनला इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) लावून, तिच्यावर उजेड टाकून चित्र उमटवून, दोन रंगांचे असे चित्र मी सकाळी हाती घेऊन संध्याकाळपर्यंत शंभर प्रती काढून देऊ शकतो, आणि त्या शंभरही प्रती भिंगाखाली ‘अस्सल स्क्रीनप्रिंट’च ठरतील. त्यामुळे छपाई खरी आहे म्हणजे प्रत खरी आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये.

स्टेन्सिलबद्दल थोडेसे. कापलेल्या पुठ्ठ्यात मधला भाग निखळून पडू नये म्हणून जागोजागी पट्टी सोडावी लागते. इंग्रजी ‘ओ’च्या पोटातला गोल अशाच पट्टीवर तगून असतो. चित्र पाहताना या पट्ट्या कोठे सोडल्या आहेत, त्या चेहऱ्याच्या सावलीत किंवा कपड्याच्या घडीत बेमालूम मिसळल्या आहेत की नुसत्याच आडव्या आल्या आहेत, हे पाहिले की कापणाऱ्याचा हात कळतो. स्टेन्सिल जेथे पृष्ठभागापासून जरा उचललेले राहिले असेल तेथे कडेला फवाऱ्याची पुसट झालर येते, आणि तीच छापील नकलेत हमखास सपाट दिसते. लक्षात ठेवण्याची आणखी एक बाब अशी की तेच स्टेन्सिल पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हणून ‘हाताने फवारलेले मूळ काम’ असे सांगितले गेले तरी त्या स्टेन्सिलवरून एकूण किती कामे झाली हे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

ईशान्य

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. फक्त ते वाचून बजाजनगरकरांनी हा नादच सोडून देऊ नये एवढ्यासाठी लिहितो. एक लाखात बँक्सी मिळणार नाही, पण हे सारे विश्व म्हणजे एकटा बँक्सी नव्हे.

बेन आइनचेच उदाहरण घ्या. ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’साठी स्क्रीन ओढणारा हाच माणूस; म्हणजे ज्या छपाईविषयी येथे चर्चा चालली आहे ती त्याच्या हाताखालून गेलेली आहे. पूर्व लंडनमधील दुकानांच्या शटरवर त्याने रंगवलेली भलीमोठी इंग्रजी अक्षरे पाहण्यासाठी लोक आजही फिरतात, आणि २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांना भेट म्हणून नेले ते चित्र याचेच होते. निक वॉकर हा ब्रिस्टलचा, बँक्सीच्याच शहरातला. त्याची ‘मूना लिसा’ २००८ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ५४ हजार पौंडांना गेली. अशा चित्रकारांची सही व क्रमांक असलेली छापचित्रे त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्याशी थेट संबंध असलेल्या गॅलरीकडून घेतली, तर काही शे पौंडांत मिळू शकतात. खरेदीची पावती चित्रकाराच्याच नावाने निघाली, की अस्सलपणाचा प्रश्न पहिल्या दिवशीच मिटतो. आणि पुढे कधी विकायची वेळ आली तर तीच पावती प्रमाणपत्राहून अधिक उपयोगी पडते. पार्सलचे वेष्टन, ईमेल, पावती, यातले काहीही फेकू नये.

क्रमांकाबद्दल एक गैरसमज नवख्यांमध्ये नेहमी आढळतो. १/१५० ही प्रत १४०/१५० हून श्रेष्ठ, असे स्क्रीनप्रिंटमध्ये काही नसते. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेल्या ड्रायपॉइंटमध्ये पत्रा झिजत जातो, म्हणून तेथे आरंभीच्या प्रती खरोखर अधिक टवटवीत असतात. स्क्रीनला तो नियम लागू नाही, आणि चित्रकार क्रमांक घालताना छपाईचा क्रम पाळतोच असेही नाही. ‘एपी’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती. त्या रूढीने आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आत असाव्यात, आणि त्यांचा आकडा भलताच फुगलेला दिसला तर ‘मर्यादित’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. हल्ली आणखी एक प्रकार निघाला आहे : चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास विक्री खुली ठेवायची, आणि जितक्या मागण्या येतील तितकीच आवृत्ती छापायची. यात फसवणूक नाही. मात्र ती आवृत्ती १०० ची होणार की ४,००० ची, हे विकत घेताना कळत नसते. चित्र आवडत असेल तर घ्यावे, पुढे भाव चढेल या आशेने घेऊ नये. २०२१ च्या तेजीत कर्ज काढून छापचित्रे घेणाऱ्यांचे पुढे काय झाले, ते त्यानंतर उतरलेल्या बाजाराने दाखवलेच आहे.

‘जुना संग्राहक’ यांच्याशी माझा मतभेद एवढाच की सही नसलेल्या प्रतींकडे तुच्छतेने पाहू नये. सही ही चित्राचा भाग नसून व्यवहाराचा भाग आहे. खऱ्या प्रतीवर नंतर खोटी सही करून तिची किंमत वाढवण्याचे प्रकार या बाजाराला नवे नाहीत. त्यामुळे कधी कधी सही नसलेली, पण कागदपत्रे चोख असलेली प्रत अधिक निर्धोक ठरते.

कागद आणि कसर

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करते. प्रश्नकर्त्यांनी कूलर आणि पश्चिमेची भिंत यांचा उल्लेख केला आहे, आणि नागपूरपुरते बोलायचे तर या दोन गोष्टींनी कागदाचे जेवढे नुकसान होते तेवढे ४६ अंशांच्या उन्हानेही होत नाही.

कागदाला स्थिर हवा लागते. साधारणपणे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता त्याला मानवते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवा कमालीची कोरडी असते, आणि त्याच वेळी खोलीत वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर दिवसभर ओलसर हवा फेकत असतो. रात्री तो बंद केला की कागद पुन्हा कोरडा पडतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा जाड कागददेखील फ्रेममध्ये लाटा धरतो, आणि स्क्रीनप्रिंटचा सलग शाईचा थर कागदाइतका ताणला जात नसल्याने त्याला सूक्ष्म तडे जाण्याची शक्यता असते. म्हणून ज्या खोलीत कूलर आहे त्या खोलीत चित्र लावूच नये. निदान त्याच्या झोतासमोर तर नाहीच. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापत राहते आणि पावसाळ्यात तिलाच ओल येते. घराच्या आतली, दोन्ही बाजूंनी खोल्या असलेली भिंत निवडावी.

फ्रेमवाल्याकडे चित्र सोडून येऊ नये. शेजारी उभे राहून काम करून घ्यावे. त्याची रीत अशी असते की चित्राच्या पाठीला चारही बाजूंनी खळ किंवा फेव्हिकॉल लावायचा, ते हार्डबोर्डवर दाबून बसवायचे, वर काच टेकवायची आणि मागून तपकिरी टेप मारायचा. छापचित्राच्या दृष्टीने यातली प्रत्येक पायरी घातक आहे. हार्डबोर्डमधील आम्ल कागद पिवळा करते. चिकटवलेली प्रत पुढे सोडवता येत नाही आणि तिची किंमत तेथेच निम्म्यावर येते. काचेला टेकलेली शाई श्रावणातल्या दमट हवेत काचेला धरते. पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या खळीत मोरचूद असते, तीही नको. त्याऐवजी आम्लरहित माउंट बोर्ड (चित्राच्या मागे व भोवती बसवायचा जाड पुठ्ठा) मागवावा, चित्राच्या फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या निव्वळ स्टार्चने लावाव्यात, जेणेकरून कागद खाली मोकळा लोंबेल, आणि काच व चित्र यांच्यात माउंटच्या जाडीएवढी फट राहील. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक महाग पडते, पण आपल्या उजेडात तो खर्च वाया जात नाही. फ्रेमच्या मागची बाजू वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, उघडून पाहावी. कसर आणि वाळवी नेहमी मागूनच येतात.

कस्टमवाला

थोडक्यात लिहितो. कस्टमच्या वर्गीकरणात मूळ छापचित्रांसाठी ९७०२ हे शीर्षक आहे, आणि साध्या छापील चित्रांसाठी, म्हणजे पोस्टर वगैरेंसाठी, ४९११ आहे. गोम अशी आहे की ९७ व्या प्रकरणाच्या टिपेनुसार मूळ छापचित्र म्हणजे चित्रकाराने पूर्णपणे हाताने तयार केलेल्या पत्र्यावरून थेट घेतलेला ठसा. यांत्रिक किंवा प्रकाशयांत्रिक प्रक्रियेने केलेली छपाई त्यात बसत नाही. वर इतवारीच्या भाऊंनी सांगितलेली इमल्शनची रीत प्रकाशयांत्रिक आहे काय, असा प्रश्न अधिकारी उपस्थित करू शकतो, आणि गिक्ले तर निश्चितच ९७०२ मध्ये बसत नाही. म्हणून बिलावर नुसते ‘आर्ट प्रिंट’ असे न लिहिता चित्रकाराचे नाव, छपाईची रीत, आवृत्तीची संख्या, प्रतीचा क्रमांक आणि सही आहे की नाही, हे सारे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. मूळ छापचित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. सीमाशुल्क त्याहून वेगळे. नेमका आकडा कुरिअर कंपनीकडून आधीच लेखी मागवावा.

ब्रिटनमधील दुकानाच्या किमतीत तेथील २० टक्के व्हॅट धरलेला असतो. माल देशाबाहेर जात असेल तर तो लावावा लागत नाही, तेव्हा निर्यातीची किंमत मागण्यात संकोच करू नये. लिलावातून घेणार असाल तर हातोड्याच्या किमतीवर सुमारे पाव हिस्सा लिलावगृहाचे कमिशन चढते, हे हिशेबात धरावे. बिलावर किंमत कमी दाखवण्याची सूचना विक्रेत्याने स्वतःहून केली तरी ती मान्य करू नये; माल अडकला किंवा वाटेत खराब झाला तर विम्याची भरपाईही तेवढीच मिळते.

बजाजनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘जुना संग्राहक’ यांनी सांगितल्याप्रमाणे मी विक्रेत्याला छेदस्थानचा आकडा विचारला. त्याने मोठ्या उत्साहाने छायाचित्र पाठवले : ४७/१५०, आणि सही नाही. ‘पेस्ट कंट्रोल’चा कागद मागितल्यावर त्याने उत्तर देणेच बंद केले. तो विषय संपला.

ईशान्य यांच्या सल्ल्याप्रमाणे आता बेन आइन आणि निक वॉकर यांच्या उपलब्ध छापचित्रांची चौकशी करीत आहे. एकच शंका उरली आहे : पाठवणी नळीत गुंडाळून मागवावी की सपाट? सपाट पाठवण्याचा खर्च जवळपास तिप्पट सांगतात.

कागद आणि कसर

आकार दोन फुटांच्या आत असेल तर सपाटच मागवा, तिप्पट खर्च पडला तरी. त्याहून मोठे असेल तर नळी चालेल, मात्र तिचा व्यास किमान चार इंच असावा आणि शाईच्या बाजूला गुळगुळीत ग्लासिन कागद घातलेला असावा, एवढे विक्रेत्याला कळवा. पार्सल आल्याबरोबर उघडू नका. कूलर नसलेल्या खोलीत एक दिवस तसेच राहू द्या, मग स्वच्छ टेबलावर उलगडून वर टीपकागद आणि सपाट वजन ठेवा. उलट्या बाजूने गुंडाळून कागद सरळ करण्याचा मोह टाळा, शाईला तडे त्यानेच जातात. आणि शक्य असल्यास पाठवणी ऑक्टोबरनंतर करता येईल काय, हे विक्रेत्याला आताच विचारून ठेवा.